टाळ त्यांच्या हाती द्या

परवा पुन्हा धारवाडास जाण्याचा योग आला. तेथील एका वृद्धाश्रमात माझी मावशी राहते. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द आपल्या जुन्या घरांतून अजून हलक्या आवाजातच उच्चारला जातो. मीही तो आजवर तसाच उच्चारीत आलो. मुले परगावी आणि मावशीची स्मृती दिवसेंदिवस अंधुक होत चाललेली. दुसरा मार्ग उरला नव्हता, एवढेच सांगतो.

मागच्या खेपेस आश्रमात गाण्याचा कार्यक्रम होता. एक हौशी मंडळ पेटी, तबला, ध्वनिवर्धक अशा थाटात आले होते. वृद्ध मंडळींना ओळीने खुर्च्यांवर बसविले होते. चार गाणी झाली, केळी वाटली, छायाचित्रे निघाली. मावशी मान खाली घालून बसली होती. तशीच उठून खोलीत गेली.

या खेपेस गुरुवार होता. दोन निवृत्त शिक्षिका टाळांची पिशवी घेऊन आल्या. दर गुरुवारी येतात म्हणे. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या. ज्यांच्या हाताला सोसेल त्यांना टाळ दिले. ज्यांची बोटे वळत नाहीत त्यांच्या मांडीवर खंजिरी ठेवली. मग एकेकीला विचारू लागल्या, “आजी, तुमच्या घरी एकादशीला काय म्हणत?” कुणी पुरंदरदासांचे पद काढले, कुणी तुकोबांचा अभंग. कानडी कुठे संपली आणि मराठी कुठे सुरू झाली, कळले नाही. पुरंदरदासांची मुद्राच ‘पुरंदरविठ्ठल’; देव एकच, पंढरीचा.

मावशीचा टाळ मांडीवर पडून होता. तिसऱ्या अभंगाला तिने एकाएकी शेजारणीचा हात धरला. “अगं, ठेका चुकायलाय तुझा!” म्हणाली, आणि स्वतः टाळ धरला. माझे नाव तिला त्या संध्याकाळीही आठवले नाही. अभंगाचे कडवे मात्र एकही अडले नाही.

“आम्ही गायला येत नाही, गाऊन घ्यायला येतो,” त्यांतील एक बाई मला म्हणाल्या. सारे मर्म या वाक्यात आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारांनी उभारण्याची तरतूद आहे. तेथे औषधपाण्याबरोबर करमणुकीच्या साधनांचाही विचार केलेला आहे. परंतु करमणूक करून घेणारा माणूस श्रोताच राहतो. म्हातारपणी साऱ्या गोष्टी दुसऱ्यांकडून घ्याव्याच लागतात. निदान गाणे तरी आपले द्यावे, असे कुणास वाटणार नाही?

अमेरिकेत डॉ. जीन कोहेन यांनी २००१ पासून काही वर्षे पासष्टीपुढील लोकांचा अभ्यास केला. ही मंडळी आपापल्या घरी राहणारी होती. समूहगायनासारख्या कलावर्गांत जे स्वतः भाग घेत, त्यांची प्रकृती इतरांहून बरी राहिली. डॉक्टरकडे जाणे आणि पडणेझडणेही कमी झाले. याने विस्मृतीचा रोग बरा होतो असे कुणी समजू नये. परंतु ओळखीचे गाणे पुष्कळदा नावागावांहून अधिक काळ टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आपल्या करवीर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी मल्लिकार्जुन मन्सुरांनी ज्या धारवाडात नांदविली, आणि शेजारच्या हुबळीच्या गंगूबाई हनगल २००६ साली ९३व्या वर्षी मैफलीस बसल्या, त्या मुलखाला वृद्धांच्या गळ्याची थोरवी सांगायला नको. पण मावशी काही गंगूबाई नव्हे. तिच्यासारख्यांचा ठेका ऐकायला कोण बसते?

आपल्याकडे श्राद्धाला, वाढदिवसाला आश्रमात जेवण देण्याची पद्धत आहे. ती चांगलीच आहे. तिच्या जोडीला आठवड्याची एक संध्याकाळ आणि टाळांचे चार जोड दिले, तर फारसा खर्च नाही. मात्र एकदा जाऊन भागत नाही. गुरुवार चुकवता येत नाही.

निघताना बाई टाळ गोळा करू लागल्या. मावशीने आपला टाळ पदराखाली धरला आणि काही केल्या दिला नाही. बाई हसल्या आणि रिकामी पिशवी खांद्याला लावून पुढे गेल्या.