झोपेची गोळी सोडताना रात्री सारखं लघवीला का उठावं लागतं?

आमची अम्मी आठ वर्षं अल्प्राझोलामची गोळी घेऊनच झोपायची. अब्बांच्या इंतकालानंतर डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी लिहून दिली होती, ती पुढे चालूच राहिली. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी कमी करायला घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात अम्मी रात्री चार-पाच वेळा लघवीला उठू लागली. घरात कुणी म्हणालं शुगर झाली, कुणी म्हणालं गोळी परत चालू करा. एका रात्री अंधारात तिचा पाय घसरला. अल्लाहच्या कृपेने हाड वाचलं. मग आम्ही डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं. अशा गोळ्या अनेक घरांत आहेत, म्हणून ते इथे मांडतो.

असं का होतं?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्या मेंदूला शांत करतात. बरीच वर्षं घेतल्यावर मेंदू त्यांच्यावर विसंबतो. गोळी कमी झाली की मज्जासंस्था काही काळ जास्त जागरूक होते. छातीत धडधड, घाम, बेचैनी होते, तशीच मूत्राशयाची संवेदनाही वाढते. झोप उथळ होते. एरवी ज्या थोड्या लघवीने जाग आली नसती, तिने जाग येते. म्हणजे बऱ्याचदा लघवीने झोप मोडत नाही, झोप मोडते म्हणून लघवी आठवते. वयाप्रमाणे रात्री लघवी कमी करणारं हार्मोनही कमी होतं, त्याची त्यात भर पडते.

आधी मोजून बघा

तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वहीत वेळ लिहा. प्रत्येक वेळी थोडीच, शंभर-दीडशे मिली येत असेल तर उथळ झोप किंवा मूत्राशयाची चुळबूळ असण्याची शक्यता जास्त. दरवेळी भरपूर येत असेल तर शुगर, पायांची सूज, उशिरा घेतलेली बीपीची 'पाण्याची गोळी' यांचा विचार करावा लागतो. पुरुषांमध्ये प्रोस्टेटही तपासावं लागतं. वही डॉक्टरांना दाखवा. सगळा दोष गोळी सोडण्यावर टाकून शुगरची तपासणी टाळू नका.

आम्ही काय बदललं?

पाणी बंद केलं नाही, ते दिवसा जास्त दिलं. पाणी फार कमी केलं तर लघवी दाट होऊन जळजळते. चहा असरनंतर बंद, झोपायच्या दोन-तीन तास आधी फक्त घोट-दोन घोट पाणी. पायांना सूज होती म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर ठेवायला लावले, म्हणजे ते पाणी रात्रीऐवजी संध्याकाळीच उतरतं. 'पाण्याची गोळी' कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून सकाळी केली. झोपायच्या आधी लघवीला जाणं पक्कं केलं.

पडू नये म्हणून वाटेत मंद दिवा लावला, पायपुसणं काढून टाकलं, बाथरूम कोरडं ठेवलं. उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. मोबाईल आणि घड्याळ बघायचं नाही, नाहीतर झोप पूर्ण उडते.

रमजानमध्ये सगळं पाणी इफ्तार ते सहरी एवढ्याच वेळात प्यायलं जातं, त्यामुळे रात्री जास्त उठावं लागतं. रोजा ठेवायचा की नाही आणि गोळी कधी घ्यायची, हे महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

हे मात्र करू नका

गोळी एकदम बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते, जिवाला धोका होतो. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करायची पद्धत आहे, पण किती आणि कधी हे डॉक्टरच ठरवतील. त्रास जास्त वाटला तर तेच वेग कमी करतात किंवा काही दिवस डोस आहे तिथेच ठेवतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुसरी झोपेची गोळी देऊ नका.

लघवी अडली, रक्त आलं, ताप किंवा जळजळ आहे, फार तहान लागते, वजन उतरतंय, तर लगेच डॉक्टरांकडे जा. फिट आली, माणूस भ्रमात बोलू लागला, नसलेलं दिसू लागलं, तर थेट इस्पितळात न्या.

अम्मीचा डोस अजून थोडा बाकी आहे. आता ती रात्री एकदा, फार तर दोनदा उठते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा त्रास सांगायला लाज वाटते, म्हणून तुम्हीच विचारा. 'रात्री किती वेळा उठता?' एवढा साधा प्रश्न पुरतो.