गळाने मासेमारी : छंद आणि जबाबदारी

पहाटेच्या वेळी भोपाळच्या बड्या तलावाच्या काठाने फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. एखादा सेवानिवृत्त कर्मचारी, एखादा दुकानदार, कधी शाळकरी मुलगा, हातात काठी धरून पाण्यावर नजर लावून निश्चल बसलेला असतो. तासन् तास मासा लागत नाही, तरी तो उठत नाही. गळाने मासे पकडणे हा उद्योग नसून छंद आहे, आणि निसर्गाच्या सान्निध्यात घालवलेला वेळ हेच त्याचे खरे फळ आहे. तथापि हा छंद ज्या पाण्यावर चालतो ते पाणी, आणि ज्या माशांवर चालतो ते मासे, दोन्ही आज पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाहीत. म्हणून या छंदाची साधने, त्यासाठी करावयाचा प्रवास आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी यांची माहिती ग्रामस्थांना, शिक्षकांना व क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

जुनी परंपरा

गळाचा छंद इंग्रजांनी या देशात आणला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो जुन्या मराठीच्या खुणांसाठी परिचित आहे. या ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना ‘मत्स्यविनोद’ या नावाने एक स्वतंत्र भाग दिलेला आहे. माशांच्या जाती, कोणत्या जातीस कोणते खाद्य आवडते, काठी व दोर कशाचे असावेत, गळ कसा टाकावा या गोष्टींचा त्यात विचार केला आहे. पुढे इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले व महाशीर माशाची कीर्ती परदेशी पोहोचवली. परंतु मूळ परंपरा त्याहून सात शतकांहून अधिक जुनी आहे.

नदीचा राजा

गळ टाकणाऱ्यांच्या दृष्टीने भारतातील गोड्या पाण्याचा राजा म्हणजे महाशीर होय. हा रोहू-कटल्याच्या कुळातीलच मासा; परंतु त्याचे खवले मोठे, ओठ जाड आणि अंगावर सोनेरी झाक असते. तोंडात दात नसतात, तर घशात असतात. त्यांच्या साहाय्याने तो खेकडे व शिंपले फोडतो. काठावरील झाडांची पाण्यात पडलेली फळेही तो आवडीने खातो. नर्मदेच्या खोऱ्यात आढळणाऱ्या महाशीरास २०११ मध्ये मध्यप्रदेश शासनाने राज्यमासा म्हणून घोषित केले.

महाराष्ट्रातील नद्यांत याची दुसरी जात आढळते. तिचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड येथे आणि पालघर जिल्ह्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात हे मासे देवाचे मानले जातात व त्यांना कोणी हात लावीत नाही. कायदा होण्यापूर्वीच लोकांनी श्रद्धेने राखलेली ही अभयस्थाने होत.

महाशीर कमी का झाला, हे समजून घेतले पाहिजे. या माशास वाहते, स्वच्छ व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो आणि गोटे व वाळू असलेल्या उथळ जागी अंडी घालतो. रोहूच्या मानाने त्याची अंडी फारच कमी असतात आणि वाढही सावकाश होते. मोठा महाशीर मारला गेला तर त्याची जागा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. नर्मदेवर बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर अशी धरणे झाली. त्यांनी सिंचन व वीज दिली, परंतु वाहत्या नदीचे लांबच लांब पट्टे स्थिर जलाशयांत बदलले आणि माशाची वर चढण्याची वाट अडली. वाळूचा उपसा, काठावरील झाडांची तोड, बारीक आसाची जाळी आणि सुरुंग यांनी उरलेली हानी केली.

साधने

या छंदास खर्च फार लागतो असे नाही. नवशिक्यास बांबूची दहा-बारा फुटांची लवचिक काठी, नायलॉनचा धागा, लहान गळ, शिशाची गोळी आणि मासा लागल्याची वर्दी देणारे तरंगते बूच एवढे पुरे होते. आमिष म्हणून कणकेची गोळी, गांडूळ किंवा भिजवलेले फुटाणे वापरतात. रोहू, मृगळ, कटला यांसारखे मासे अशा साध्या साधनांनी मिळतात.

नदीच्या खळाळात मोठ्या माशामागे जावयाचे असल्यास काचतंतूची किंवा कार्बनची काठी आणि चक्री लागते. चक्रीवर धाग्याचा ताण कमीअधिक करण्याची सोय असते. मासा जोराने ओढू लागला की ठरावीक ताणानंतर धागा आपोआप सुटतो, त्यामुळे तो तुटत नाही. ताण आधीच बेताचा ठेवावा. मासा लागल्यावर घाईने चक्री घट्ट करू नये. मात्र मासा तासभर दमवणेही योग्य नव्हे. पुरेसा जाड धागा वापरून त्यास लवकर काठाशी आणावे, म्हणजे सोडल्यावर तो जगण्याची शक्यता वाढते.

गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट केल्यास मासा निसटण्याची थोडी भीती असते. परंतु गळ सहज निघतो आणि माशाचे तोंड फाटत नाही. हाच गळ स्वतःच्या बोटात रुतला तर या दक्षतेचे मोल विशेष कळते. लांब चिमटा, गाठी नसलेली मऊ जाळी, मोजपट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी ही साधनेही सोबत असावीत.

मासा न मारता वजन

पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा, ही पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. पुष्कळांना वाटते की, मासा घरी नेला नाही तर तो केवढा होता हे सांगावयाचे कसे? यासाठी एक सोपे गणित आहे. माशाची लांबी इंचांत मोजावी, पोटाजवळचा घेर इंचांत मोजावा. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ८०० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे माशाचे पौंडांतील अंदाजी वजन. उदाहरणार्थ, लांबी ३० इंच व घेर १८ इंच असेल तर उत्तर सुमारे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोग्रॅमच्या आसपास येते. शिक्षकांना हे उदाहरण वर्गातही उपयोगी पडेल.

सोडताना काही नियम पाळावेत. हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व त्यास रोग जडतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता धागा कापावा. छायाचित्र घ्यावयाचे तर क्षणभरच मासा बाहेर काढावा. शेवटी त्याचे तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी आधार द्यावा आणि तो स्वतःच्या बळाने निघून जाईपर्यंत थांबावे.

प्रवास आणि सुरक्षितता

भोपाळच्या परिसरात पाण्याची कमतरता नाही. परमार राजा भोज याच्या नावाशी निगडित असलेला अकराव्या शतकातील बडा तलाव आणि १७९४ मध्ये बांधलेला छोटा तलाव मिळून होणारे भोज पाणथळ क्षेत्र २००२ मध्ये रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत समाविष्ट झाले. बड्या तलावाचे पाणी शहर पिते, हे तेथे जाणाऱ्याने विसरू नये. केरवा, कलियासोत, कोलार व हलाली हे जलाशयही जवळच आहेत. भोजपूर येथे बेतवा नदी आहे. नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, भोपाळहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर असून तेथे नर्मदेचे विस्तीर्ण पात्र लागते; जवळच बांद्राभान येथे तवा नदी नर्मदेस मिळते.

पावसाळा संपून पाणी निवळल्यानंतरचे दिवस आणि उन्हाळ्याचा पूर्वार्ध हा काळ अनुकूल असतो. पहाट व सायंकाळ या वेळी मासे काठाकडे येतात. एकट्याने जाऊ नये आणि घरी ठिकाण सांगून निघावे. कलियासोतमध्ये आणि नर्मदेच्या काही भागांत मगरी आहेत, म्हणून पाण्यात पाय सोडून बसू नये. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तारांखाली किंवा विजा चमकत असता ती उभारू नये.

धरणाच्या खालच्या बाजूस विशेष सावध राहावे. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे नर्मदेचे पाणी अकस्मात वाढले आणि अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक यात्रेकरू वाहून गेले. आकाश निरभ्र असतानाही धरणातून सोडलेले पाणी येऊ शकते. भोंगा ऐकू आला अथवा पाणी गढूळ होऊन चढू लागले, तर साहित्य गोळा करीत न बसता तत्काळ उंचावर जावे.

कायदा काय सांगतो

पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविले. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ बंद ऋतू म्हणून पाळला जातो. या दोन महिन्यांत नद्या व त्यांच्याशी जोडलेल्या जलाशयांतून मासे पकडणे, विकणे व वाहून नेणे यांस मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या लहान तलावांचा नदीशी संबंध नाही, त्यांना ही मनाई लागू होत नाही. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या हद्दीत गळ टाकण्याचा विचारही करू नये.

अन्य ठिकाणी पाण्यावर कोणाचा ना कोणाचा हक्क असतो. लहान तलाव ग्रामपंचायतीकडे, मोठे तलाव जनपद व जिल्हा पंचायतीकडे आणि विशाल जलाशय मत्स्य महासंघाकडे असतात. त्यांतील मासेमारीचे पट्टे बहुधा सहकारी संस्थांना दिलेले असतात. म्हणून आधी मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून परवानगी घ्यावी.

ही केवळ कागदी बाब नव्हे. केवट, ढीमर, भोई आदी समाजांच्या आणि धरणांमुळे उठलेल्या कुटुंबांच्या चुली या माशांवर पेटतात. तवा धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींच्या सहकारी संस्थांनी १९९६ मध्ये तवा मत्स्य संघ उभारला आणि सुमारे दहा वर्षे त्या जलाशयातील मासेमारी सांभाळली. बोटुकली सोडणे, बंद ऋतू पाळणे आणि चोरटी मासेमारी रोखणे ही कामे त्यांनी स्वतः केली. ज्यांचे पोट पाण्यावर अवलंबून आहे, तेच पाण्याचे चांगले राखणदार होऊ शकतात. छंदासाठी येणाऱ्या पाहुण्याने त्यांच्या घासातील मासा न्यावयाचा नाही. उलट नाव, वाटाड्या व भोजन यांचा मोबदला त्यांना द्यावयाचा, हा शिष्टाचार असला पाहिजे.

जतनाचे प्रयत्न

माशाची संख्या पुन्हा वाढविता येते. लोणावळा येथे टाटा वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले. फलित अंडी ओलसर कापसात ठेवून दूरवर नेता येतात, हे तेथील कार्यातून दिसून आले. मध्यप्रदेशात बडवाह वनक्षेत्रात महाशीर संवर्धनाचे प्रयत्न झाले आहेत. परंतु बोटुकली सोडूनच काम भागत नाही. ज्या नदीचे पाणी दूषित आणि तळ वाळूउपशाने खणलेला, तेथे सोडलेले पिल्लू जगणार कसे? आणि कोणतीही जात मनास येईल त्या पाण्यात सोडणेही घातक ठरते. थाई मांगूर, तिलापिया यांसारखे परदेशी मासे स्थानिक जातींचे खाद्य व जागा बळकावतात.

गावकऱ्यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. नदीतील एखादा खोल डोह ग्रामसभेच्या ठरावाने राखीव ठेवावा. काठावरील उंबर, जांभूळ, करंज तोडू नयेत. सुरुंगाचा आवाज ऐकताच पोलिस ठाण्यास कळवावे. तुटलेला नायलॉनचा धागा पाण्यात टाकू नये. त्यात पाणपक्षी व कासवे गुरफटून मरतात. शिक्षकांनी मुलांना घेऊन नदीकाठी जावे आणि कोणते मासे दिसतात, वडीलधाऱ्यांच्या आठवणीत कोणते होते, याची नोंदवही ठेवावी. अशा नोंदी पुढे शासनासही उपयोगी पडतात.

वाळणकोंडच्या डोहात मासे टिकले, कारण तेथील लोकांनी ते आपले मानले. बड्या तलावाच्या काठी काठी धरून बसलेल्या माणसाने आणि नर्मदेच्या तीरावरील ग्रामस्थानेही तसेच मानले, तर त्यांच्या नातवंडांनाही त्या पाण्यावर गळ टाकता येईल.