आश्रमशाळा आल्या कुठून?

मैत्रिणींनो, जून लागला की पाड्यापाड्यावर पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात. दोन जोड कपडे, साबण, तेलाची बाटली, थोडी चटणी. लेकरू आश्रमशाळेत सोडून आलं की त्या रात्री घास गोड लागत नाही. पण या शाळा सुरू कशा झाल्या, हे आपल्यातल्या थोड्याच जणींना माहीत असेल.

ठक्करबाप्पांनी 1922 साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं. आज ते गाव गुजरातेत आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या आश्रमांत भिल्लांची मुलं राहून शिकू लागली. आपल्या राज्यात 1953-54 पासून अशा शाळा चालवणाऱ्या संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागलं आणि 1972-73 पासून शासनाने स्वतःच्या शाळा काढल्या. म्हणून आजही काही शासकीय, काही अनुदानित.

कारणं आपल्या ओळखीची. पाडे विखुरलेले, पावसात ओढा ओलांडता येत नाही, आई-बाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर. मूल शाळेतच राहिलं तर शिकेल आणि दोन वेळा जेवेल, हा हिशेब.

दुसरी वाटही होती बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर गेली. ही वाट फार पुढे गेली नाही, वसतिगृहाचीच वाढली.

त्यातून शिकून कितीतरी पोरी नर्स, शिक्षिका झाल्या, हे खरंच. पण सहा वर्षांचं पोर घरी कोरकू नाहीतर पावरी बोलतं आणि तिथे सगळं मराठीत. पोट दुखतंय हे तरी कोणाला आणि कसं सांगणार? डॉ. साळुंखे समितीच्या 2016 च्या अहवालात आधीच्या 15 वर्षांत आश्रमशाळांतली हजारावर मुलं दगावल्याची नोंद आहे. अनेकांच्या मृत्यूचं नेमकं कारणही लिहिलेलं नव्हतं.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. बऱ्याचदा नावं कागदावर असतात, बाईला पत्ताच नसतो. पोराला भेटायला जाल तेव्हा ती यादी मागा, आपल्या पाड्यावरची कोण आहे ते बघा आणि आजारी मुलांची नोंदवहीही दाखवायला सांगा.