पाऱ्यात न मावणारा उन्हाळा

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला असतो. एप्रिल लागला की दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो आणि पहिले वाक्य ठरलेले असते. "बाबा, तुमची मजा आहे बुवा! रत्नागिरी तेहतीस दाखवतायत. आम्ही इकडे चव्वेचाळिसात भाजून निघतोय." मी 'हो ना' म्हणतो. त्या वेळी माझा बनियन पाठीला चिकटलेला असतो, डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि फोनचे कानाला लागलेले टोक घामाने निसरडे झालेले असते. पण अकरा अंशांच्या फरकापुढे कुठल्या तोंडाने तक्रार करायची? आकडा हा आकडा असतो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

पण त्याच बँकेने मला एक गोष्ट फार पूर्वी दाखवली होती. तेव्हा मी ती पाहिली, पण वाचली नाही.

१९९० नंतरची तीन वर्षे मी नागपूरच्या एका शाखेत होतो. त्या काळी नोटा मोजायची यंत्रे सगळीकडे आलेली नव्हती. कॅशियरच्या समोर प्लॅस्टिकच्या वाटीत पाण्याने भिजवलेला स्पंज असायचा. त्यावर बोट टेकवायचे आणि नोटा मोजायच्या. मे महिन्यात आमचा कॅशियर अकरा वाजायच्या आत शिपायाला हाक मारी, "पाणी घाल रे, दगड झाला याचा!" पुढे बदली होऊन मी रत्नागिरीला, म्हणजे घरी आलो. इथे सकाळी दहाला भिजवलेला स्पंज दुपारी कॅश बंद होईपर्यंत ओलाच्या ओला. उलट नोटाच एकमेकींना चिकटायच्या, व्हाउचरच्या कडा मऊ पडायच्या आणि शिक्क्याची शाई लवकर वाळायची नाही. आम्ही त्यावर विनोद करायचो. कोकणात बँकेचे पाणी वाचते, असे म्हणायचो. त्या वाटीतल्या स्पंजात आमच्या उन्हाळ्याचे सगळे शास्त्र होते, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले, आणि एक चूकही करावी लागली.

निवृत्तीनंतर पहिलाच उन्हाळा आला तो २०२० चा, टाळेबंदीचा. घराबाहेर पडायचे नाही, माणसे भेटायची नाहीत. कादंबरी लिहायला घेतली होती, ती तीन प्रकरणांनंतर रुसून बसली. हाताला लेजरची सवय. म्हणून उत्तरेकडच्या पडवीत, सावलीला, जमिनीपासून चार फुटांवर एक तापमापक टांगला आणि वही घातली. वेधशाळेत सकाळी साडेआठला नोंद होते, म्हणून मीही साडेआठची वेळ धरली. दुसरी नोंद दुपारी अडीचला. बँकेत शुक्रवारी साप्ताहिक विवरणपत्र जायचे, तसा दर रविवारी आठवड्याचा गोषवारा लिहायचा. पारा, वारा, मळभ, आंबा कुठवर आला, फणसाला वास सुटला का, असे सगळे.

त्या वर्षीच्या वहीचे शेवटचे पान ३ जूनचे आहे. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर, 'तौक्ते' आमच्या समोरून समुद्रातून गुजरातकडे गेले. ही दोन पाने सोडली तर पहिल्या दोन वह्या कंटाळवाण्या आहेत. ३२, ३३, ३३, ३२, ३३. समुद्र हा मोठा सावकार आहे. तो जमिनीला ना एकदम तापू देतो, ना एकदम निवू देतो. सौ. म्हणायची, "अहो, रोज तेच तर लिहिताय. एकदाच लिहा आणि खाली 'सदर' म्हणून खुणा करा." मी मात्र समाधानी होतो. आकडे जुळत होते.

आता त्या चुकीकडे येतो.

घराच्या मागे आमची हापूसची आठ कलमे आहेत. १५ मे २०२२, रविवार. शेवटचा आंबा उतरवायचा राहिला होता आणि आभाळ भरून येत होते. वळवाची सर आली असती तर आंबा डागी झाला असता. आंबे काढायला शेजारच्या बागेतला एक नेपाळी मुलगा येतो. वीस-बावीस वर्षांचा, काटक. कोकणातल्या बागांची राखण आता बरीचशी या मुलांवरच चालते. सकाळपासून दोन कलमे त्याने उतरवली होती. एकच्या सुमारास तो पडवीत येऊन तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, जरा उशिराने चढू का? आज दम लागतोय."

मी तापमापकाकडे पाहिले. तेहतीस. म्हटले, "अरे, तेहतीसच तर आहे. ऊनही नाही, मळभ आहे. आटपून टाक, पाऊस येईल." आणि आत जाऊन वहीत लिहिले : '३३. मळभ. सुसह्य.'

वारा पूर्ण पडलेला होता. ते मी लिहिले नव्हते.

पाऊण तासाने झेला खाली पडल्याचा आवाज आला. मुलगा कसाबसा उतरला होता, पण बुंध्याशी बसून राहिला होता. नाव विचारले तर भलतेच काही बोलू लागला. अंग चटका बसेल इतके तापलेले. ओकारी झाली. मी हतबुद्ध होऊन उभा. सौ.ने मात्र विहिरीवरची बादली आणून त्याच्यावर ओतली, सदरा काढला, ओटीवर पंख्याखाली निजवले आणि मला ओरडून सांगितले, "बघत काय उभे राहिलात? रिक्षा आणा!" तो दोन दिवस दवाखान्यात होता. डॉक्टरांनी सांगितले की अर्धा तास आणखी गेला असता तर सांगता येत नव्हते. घरी पाणी ओतून वारा घातला तेच कामी आले. बिल मी भरले. पण बिल भरल्याने सगळीच खाती बंद होत नाहीत.

त्या रात्री झोप लागली नाही. तेहतीस अंशांत माणूस असा कसा पडतो? आणि मग पहाटे कधीतरी तो वाटीतला स्पंज आठवला.

वाचकहो, शास्त्र तसे साधे आहे. आपले शरीर सतत उष्णता तयार करत असते, अंगमेहनतीत तर फारच. ती बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम येऊन उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडतो. कोकणात हवा आधीच वाफेने भरलेली. तिच्यात आणखी वाफेला जागा कुठली? घाम नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम थंडावा देत नाही. फक्त अंगातले पाणी आणि मीठ घेऊन जातो. वरून मळभ असेल आणि वारा पडला असेल तर संपलेच.

हे मोजायची युक्तीही जुनी आहे. दोन तापमापक शेजारी टांगायचे. एकाच्या फुग्यावर मलमलीची ओली चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचे. पाणी वाळेल तसा हा ओला तापमापक खाली उतरतो. हवा कोरडी तर दोघांत अंतर फार. हवा दमट तर अंतर थोडे. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक साधारण २३ दाखवतो. आमच्याकडे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो २८ दाखवतो. म्हणजे मुलाच्या आणि माझ्या त्या अकरा अंशांच्या हिशेबात पारडे उलटे होते. नागपूरच्या उन्हाची निंदा नाही; ते ऊन माणूस मारते, आणि दरवर्षी मारते. पण तिथे ओल्या पंचाने, माठाने, वाळ्याच्या कूलरने काही आधार मिळतो. आमच्याकडे कूलर म्हणजे आणखी वाफ, आणि माठातले पाणीही बेताचेच गार.

दुसऱ्याच दिवशी मी दुसरा तापमापक आणला. त्यानंतरची वही निराळी आहे. २०२४ च्या वहीतल्या चार रविवारच्या दुपारच्या नोंदी देतो. १४ एप्रिल : सुका ३३, ओला २५. २८ एप्रिल : सुका ३३, ओला २६. १२ मे : सुका ३३, ओला २७. २६ मे, रोहिणी नक्षत्र लागल्याचा दुसरा दिवस : सुका ३३, ओला २८. ज्या रकान्याला मी दोन वर्षे उन्हाळा समजत होतो तो जागचा हललेला नाही. शेजारच्या रकान्यात मात्र उन्हाळा दर पंधरवड्याला एकेक पायरी चढतो आहे.

हे का होते तेही कळत गेले. मार्चमध्ये पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे असतात, ते कोरडे. अकराच्या सुमारास खारे वारे सुटतात आणि बरे वाटते. पण एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्र स्वतःच तापत जातो, तीस अंशांच्या आसपास पोचतो; मग त्याच्यावरून येणारा वारा गारवा कमी आणि वाफ जास्त आणतो. हीच वाफ रात्री जमिनीची उष्णता वर निसटू देत नाही. म्हणून आमच्याकडे पहाटेही उशी ओली असते. दिवसभर राबलेल्या शरीराला रात्री जी सुटी मिळायची, ती मिळत नाही.

खरे तर घरातल्या बायकांना हे तापमापकावाचून ठाऊक असते. मीठ कधी पाझरू लागते, काडेपेटी कधी सादळते, पापड कधी मऊ पडतात, यावर त्यांची आगोटीची घाई ठरते. एप्रिलच्या आरंभी आंब्याचे साठ लवकर वाळते. मेअखेरीस तेच साठ ताटाला चिकटून बसते आणि आमसुले उन्हात असूनही ओली राहतात. मी हे सौ.ला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षे काय सांगत होते?"

हा केवळ माझ्या पडवीतला प्रश्न नाही. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावे लागते. तेहतीस अंशांचा दिवस त्या चाळणीतून अलगद निसटतो. १६ एप्रिल २०२३ रोजी, तोही रविवारच, नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानात भर दुपारपर्यंत चाललेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशी त्या भागातला पारा अडतिसाच्या आसपास होता. विदर्भात लोक ज्याला सौम्य दिवस म्हणतील असा. शास्त्रज्ञ आधी मानत की ओला तापमापक ३५ ला पोचला की धडधाकट माणसाचेही शरीर हार मानते. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने २०२२ मध्ये तरुण, निरोगी माणसांवर घेतलेल्या चाचण्यांत ही मर्यादा दमट हवेत ३१ च्या आसपासच निघाली. माझ्या वहीतला २८ तिथून फार लांब नाही. आणि आंब्याच्या झाडावर चढणे म्हणजे खुर्चीत बसणे नव्हे. आपले हवामान खाते आता कोकणासाठी 'उष्ण व दमट' असा इशारा देते, ही चांगली गोष्ट आहे. पण टीव्हीवर आपण पाहतो तो आकडाच. बांधकामावरचा मुकादम, बागेचा मालक, शाळेच्या मैदानावरचे सर, आणि माझ्यासारखे पडवीत बसून सल्ले देणारे, सगळेच.

आमच्या घरी आता नियम आहे. ओला २७ च्या वर गेला की कलमांवर कोणी चढायचे नाही. आंबे उजाडल्यापासून नऊपर्यंत उतरवायचे, उरलेले दुसऱ्या दिवशी. मजुरी पूर्ण दिवसाची. चार आंबे डागी झाले तर होऊ देत. २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, आमच्या सौ.ची आमसुले वाळायची राहिली आणि दोन कलमांचा आंबाही गेला. नुकसान झाले. ते वहीत मांडले आहे.

तो मुलगा पुढच्या हंगामात परत आला. आता झेला हातात घेण्याआधी पडवीत येतो आणि चिंधीच्या तापमापकाकडे स्वतः पाहतो. मला विचारत नाही, हे बरेच आहे.

बँकेत एक शिस्त होती. लेजरमधली चुकीची नोंद खरवडायची नाही, पुसायची नाही. ती वाचता येईल अशी ठेवून दुरुस्ती करायची आणि सही करायची. १५ मे २०२२ च्या पानावर 'सुसह्य' हा शब्द अजून तसाच आहे. त्याच्यावर एक आडवी रेघ आहे, आणि खाली तांबड्या शाईत माझी सही.