काट्यावरची पावती का अडते?



गेल्या गळीत हंगामात एक तक्रार वारंवार कानावर आली. संध्याकाळी ट्रॉली काट्यावर चढते, वजन दिसते, पण पावती निघायला मिनिट-दीड मिनिट लागते. मागे रांग वाढते, ऊस वाळतो आणि सभासदाच्या मनात पाल चुकचुकते. ते साहजिकच आहे; वर्षभराची मेहनत त्या एका कागदावर असते. म्हणून संगणक विभागाकडून कारण समजून घेतले, ते येथे देत आहे.

काट्याच्या केबिनमध्ये स्विच नावाची पेटी आहे. काट्याचा संगणक, टेलिफोन, कॅमेरे आणि चित्रण साठवणारे यंत्र यांच्या वायरी तिच्यात येतात. मुख्य ऑफिसकडे मात्र एकच वायर जाते. माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. संध्याकाळी चित्रणाची नक्कल ऑफिसात पाठवली जाई, तेव्हा ही वायर तुडुंब भरे. पेटीत थांबायला जागा थोडी. ती भरली की नवे पॅकेट टाकून दिले जाते व संगणकाला ते पुन्हा पाठवावे लागते. पावतीची माहिती एवढीशी, पण गर्दीत तीच मागे राही. वजन काट्यावरच ठरते. वायरीतल्या गर्दीने आकडा बदलत नाही, उशिरा पोचतो एवढेच.

यावर उपाय म्हणजे स्विचमध्ये वेगवेगळ्या रांगा लावणे. यालाच क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात. आपल्या यार्डात बैलगाडीची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, तसेच हे. साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. मॅनेज्ड स्विच लागतो. त्यात चार गोष्टी कराव्या लागतात.

१) ओळख : प्रत्येक पॅकेटवर ० ते ६३ पैकी एक आकडा लिहिता येतो. टेलिफोनच्या आवाजाला बहुधा ४६ देतात. चित्रणाच्या नकलेला आपण ८ दिला. आकडा मोठा म्हणजे मान मोठा, असे नाही. कोणत्या आकड्याला कोणती रांग, हे आपण ठरवून द्यायचे.

२) विश्वास : कोणतेही यंत्र स्वतःच ४६ लिहून पुढे घुसू शकते. म्हणून ठरावीक यंत्रांच्या वायरीवरून आलेला आकडाच खरा धरायचा. बाकीच्यांचा पुसून ० करायचा.

३) पाळी : आवाजाला उशीर सोसत नाही, म्हणून टेलिफोन पहिला. पण त्यालाही मर्यादा घालावी लागते, नाहीतर मागचे उपाशी राहतील. नंतर पावतीच्या चार खेपा, चालू कॅमेऱ्याच्या दोन आणि नकलेची एक, अशी पाळी लावली.

४) दोन्ही टोके : केबिनमधल्या आणि ऑफिसमधल्या स्विचची मांडणी सारखी हवी. एकीकडे लावलेली रांग दुसरीकडे मोडली, तर सारे व्यर्थ.

चाचणीच्या वेळी नक्कल मुद्दाम चालू ठेवून पावत्या काढल्या. पावती लगेच निघाली, नकलेला मात्र जास्त वेळ लागला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या व्यवस्थेने वायर रुंद होत नाही. एकाला पुढे सोडले की दुसरा थांबतोच. वायर दिवसभर भरलेली राहू लागली, तर जास्त क्षमतेची वायर टाकणे हाच इलाज.

आणि सगळ्यांनाच पहिला नंबर दिला, तर पहिला नंबर कोणालाच नाही. यार्डात 'आमची ट्रॉली आधी घ्या' म्हणून चिठ्ठी आणणाऱ्या प्रत्येकाला पुढे सोडले तर काय होते, हे रात्रभर रांगेत बसलेल्या सभासदाला मी सांगायला नको!

येत्या हंगामात काट्यावरचा आकडा व पावतीवरचा आकडा ताडून पाहूनच ट्रॉली हलवावी. पावतीला उशीर झाल्यास वेळ लिहून घेऊन गट ऑफिसात कळवावी. वेळ कळली, की त्या वेळी वायरीवर काय चालले होते ते शोधता येते.

आपला,
ऊसविकास अधिकारी