प्रश्नखेळातील गुण : ज्ञानाचे की वेगाचे?

परीक्षा म्हटली की बंद पाकिटातील प्रश्नपत्रिका, तीन तासांची वेळ आणि निकालापर्यंतची धाकधूक, असेच चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर येते. आज अनेक वर्गांत धडा संपताच पडद्यावर प्रश्न झळकतो, विद्यार्थी फोनवर चारपैकी एक पर्याय निवडतात आणि कोण पुढे, कोण मागे हे क्षणात सर्वांना दिसते. नॉर्वेत विकसित झालेला ‘कहूट’ हा खेळ २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. २०१५ मध्ये बंगळुरूत आकाराला आलेला ‘क्विझिझ’ आता ‘वेग्राउंड’ या नावाने ओळखला जातो.

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. तिचे दोन भाग आहेत, आकारिक आणि संकलित. व्यापाऱ्याच्या भाषेत संकलित मूल्यमापन म्हणजे वर्षअखेरचा ताळेबंद आणि आकारिक मूल्यमापन म्हणजे रोजमेळ. रोजमेळ जुळला नाही, तर चूक त्याच संध्याकाळी शोधता येते; ताळेबंदापर्यंत थांबल्यास ती कोठे झाली हेच समजत नाही. प्रश्नखेळांचे खरे स्थान या रोजमेळात आहे. कोणत्या प्रश्नाला किती मुले अडखळली याचा अहवाल शिक्षकाला तत्काळ मिळतो आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा शिकवता येतो.

प्रश्नांची उत्तरे देणे हाही अभ्यासच असतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्याने, वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. कोरोनाकाळात शाळा बंद असताना आपल्या राज्यानेही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात व्हॉट्सॲपवरून दर आठवड्याला विद्यार्थ्यांना प्रश्न पाठवले जात. स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपात करणाऱ्या समाजाला या नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र खेळातील गुण जेव्हा प्रगतिपुस्तकात उतरतात, तेव्हा हिशेब तपासून पाहावा लागतो. ‘कहूट’च्या मूळ पद्धतीत अचूक उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात आणि वेळ जाईल तसे ते ५०० पर्यंत उतरतात. प्रश्नाला २० सेकंद असतील, तर दोन सेकंदांत बरोबर उत्तर देणाऱ्यास ९५० आणि अठरा सेकंद घेणाऱ्यास ५५० गुण मिळतात. आता दहा प्रश्न घेऊ. घाईने उत्तरे देणाऱ्या मुलाची सहाच उत्तरे बरोबर आली, तरी त्याचे ५७०० गुण होतात. विचारपूर्वक दहाही उत्तरे बरोबर देणाऱ्या मुलीचे होतात ५५००. सर्व काही येणारी मुलगी मागे आणि चार ठिकाणी चुकलेला मुलगा पुढे! खेळ म्हणून यात वावगे काही नाही. मूल्यमापन म्हणून मात्र ही नोंदच चुकीची ठरते.

गोंदिया जिल्ह्यात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवर वसलेला आहे. येथे कोणाच्या घरी पोवारी बोलली जाते, कोणाकडे छत्तीसगडी, हिंदी, तर कोणाकडे गोंडी. अशा मुलाला मराठी प्रश्न वाचून समजून घेण्यास काही क्षण अधिक लागले, तर तो त्याच्या गणिताचा वा विज्ञानाचा दोष नव्हे. घड्याळ लावून घेतलेली चाचणी त्याचे ज्ञान न मोजता वाचनाचा वेग मोजते. त्यात फोनचा प्रश्न निराळाच. गोंदिया शहरातील मुलाजवळ स्वतःचा फोन असेल. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्ट्यातील घरात एकच फोन असला आणि तो वडिलांबरोबर कामावर गेला, तर मुलाने काय करावे?

यावर सोपे उपाय आहेत. ‘क्विझिझ’मध्ये वेळेचे बंधन काढता येते आणि प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाते. ‘प्लिकर्स’ या पद्धतीत तर विद्यार्थ्यांच्या हाती कोणतेच उपकरण लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळते. उत्तरानुसार कार्डाची बाजू वर धरायची आणि शिक्षकाने आपल्या एका फोनच्या कॅमेऱ्याने साऱ्या वर्गाची उत्तरे टिपायची. शेजाऱ्याच्या कार्डावरून उत्तर ओळखणेही कठीण, कारण प्रत्येक कार्डावरील आकृती निराळी असते. शाळांना टॅब भेट देऊ इच्छिणाऱ्या दानशूर कुटुंबांनी आधी शिक्षकांशी बोलावे. कदाचित एक प्रोजेक्टर आणि कार्डांचे काही संच अधिक मुलांच्या कामी येतील.

चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत निव्वळ अंदाजानेही सरासरी अडीच उत्तरे बरोबर येतात, हेही लक्षात असावे. उत्तरामागचे कारण, गणिताच्या पायऱ्या, निबंधातील विचार यांसाठी वही आणि लेखणीला पर्याय नाही.

मूल घरी येऊन खेळाविषयी उत्साहाने सांगू लागले, की ‘कितवा नंबर आला?’ हा प्रश्न पालकांच्या ओठांवर सहज येतो. त्याऐवजी ‘कोणता प्रश्न चुकला आणि का?’ असे विचारावे. दिवसाची विक्री कितीही झाली, तरी जाणता दुकानदार न जुळलेली रक्कम आधी शोधतो. मुलांच्या अभ्यासालाही तीच शिस्त हवी.