दोन हजार पावसाळ्यांचं सागवान

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलेल्या माणसाची नजर आधी स्तंभांवर जाते, मग स्तूपावर. छताकडे ती उशिरा वळते. तिथे, सुमारे १४ मीटर उंचीवर, कातळाच्या अर्धगोल छताला लगटून सागवानी कमानींची रांग आहे. हे लेणं इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, आणि यातलं बरंचसं लाकूडही तेव्हाचंच. स्तूपावरचं लाकडी छत्रसुद्धा त्याच वयाचं.

या कमानींवर छताचा भार नाही. छत म्हणजे डोंगरच आहे. लाकडी सभागृहांची जुनी रीत कातळातही पाळली गेली, म्हणून त्या तिथे आल्या. इथल्या एका शिलालेखात दाराचं काम करणाऱ्याचं नाव आहे: धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा मुलगा, व्यवसायाने सुतार.

लोणावळ्याच्या परिसरातल्या धुवाधार पावसात हे लाकूड टिकलं कसं?

पहिलं श्रेय सागाच्या गाभ्याला. त्यातल्या तेलकट द्रव्यांना वाळवी आणि बुरशी सहसा शिवत नाहीत. दुसरं श्रेय जागेला. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिली, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. कमानी जमिनीपासून दूर, आडोशाला आहेत; पावसाळ्यात हवा दमट झाली तरी पुढे कित्येक महिने त्या कोरड्याच राहतात. सूर्यगवाक्षातून येणारं ऊनही छताला फारसं लागत नाही. उन्हातली अतिनील किरणं लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन तोडतात. मग पृष्ठभाग करडा पडतो आणि पावसाने थराथराने झिजतो.

जवळच्याच भाजे लेण्यात याचा पुरावा दिसतो. तिथेही आतल्या जुन्या लाकडी कमानी शिल्लक आहेत. दर्शनी भागातलं लाकूड मात्र पार नाहीसं झालं; कातळात उरली ती ते बसवण्याची भोकं.

कोरडं लाकूडही बदलतं, पण फार हळू. जपानमध्ये नारा इथल्या होर्युजी मंदिराच्या पाच मजली पॅगोडाचा मध्यस्तंभ इसवी सन ५९४ मध्ये तोडलेल्या हिनोकी वृक्षाचा आहे, असं त्याच्या वाढवर्तुळांवरून ठरलं. जुन्या हिनोकीचा अभ्यास करणारे जिरो कोहारा यांना आढळलं, की तोडल्यावर पहिली काही शतकं या लाकडाची ताकद उलट वाढते आणि नंतर सावकाश उतरते. ताठपणा दीर्घकाळ राहतो. चिवटपणा आधी जातो. म्हणून जुनं लाकूड भार पेलतं, पण एकाएकी जोराचा आघात झाला तर तडकतं.

जुन्या वाड्यांच्या मालकांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. तुळई काळी पडली म्हणून ती बाद ठरवू नका. तिची भिंतीत शिरलेली टोकं तपासा, कारण ओल बहुधा तिथेच धरते. कौलं दर पावसाळ्याआधी चाळून घ्या आणि लाकडाला वारा लागू द्या.